फीड रीडरमधील सुधारणा आणि वाचकांच्या सूचना : पेण-रोह्याच्या बातम्यांची कसोटी

पेण किंवा रोह्याहून नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात, अथवा परदेशात स्थायिक झालेल्या वाचकाला गावाकडची बातमी हवी असते. कुंडलिका नदीने इशारा पातळी गाठली काय, पेणच्या गणेशमूर्तींची रवानगी सुरू झाली काय, दिवा-रोहा गाडी वेळेवर धावते काय, एवढेच त्याचे प्रश्न असतात. त्यासाठी दररोज दहा वृत्तपत्रांची संकेतस्थळे उघडून पाहणे शक्य नसते. ही अडचण दूर करण्यासाठीच फीड रीडर हे साधन निर्माण झाले. मात्र हे साधन मराठी वाचकाला कितपत उपयोगी पडते, याचे उत्तर त्याच्या रचनेइतकेच वाचकाने नोंदवलेल्या तक्रारींवर अवलंबून असते.

फीड म्हणजे काय?

संकेतस्थळावर नवा मजकूर प्रसिद्ध झाला की त्याचे शीर्षक, थोडक्यात आशय, दुवा आणि वेळ यांची नोंद एका ठरावीक साच्याच्या फाइलमध्ये केली जाते. या फाइलला फीड म्हणतात. फीड रीडर वाचकाने निवडलेल्या अशा अनेक फाइली ठरावीक अंतराने तपासतो आणि नवे ते एकाच पानावर मांडतो. 'आरएसएस' या साच्याची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाली. डॅन लिबी यांच्यासह भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ रामनाथन गुहा यांचा त्यात सहभाग होता. पुढे २००५ च्या डिसेंबरमध्ये 'ॲटम' हा दुसरा साचा प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला.

संगणकावर वेगळा प्रोग्राम न टाकता ब्राउझरमध्येच चालणारे फीड रीडर २००३ नंतर लोकप्रिय झाले. मार्क फ्लेचर यांचे 'ब्लॉगलाइन्स' त्याच वर्षी सुरू झाले. गुगलने ७ ऑक्टोबर २००५ रोजी 'गुगल रीडर' ही सेवा सुरू केली.

तक्रारींतून घडलेली सेवा

गुगल रीडरचा प्रवास हा वापरणाऱ्यांच्या सूचनांवरून सेवा कशी सुधारते याचा उत्तम नमुना होता. पहिल्या आवृत्तीत बातम्या ज्या क्रमाने दिसत तो अनेकांना गैरसोयीचा वाटला. सप्टेंबर २००६ मध्ये संपूर्ण मांडणी बदलण्यात आली. केवळ शीर्षकांची यादी पाहण्याची आणि 'सर्व वाचले' अशी एकदम खूण करण्याची सोय झाली. न वाचलेल्या बातम्यांचा आकडा शंभरावर गेला की पुढे नुसते अधिकचे चिन्ह दिसे. सप्टेंबर २००७ मध्ये ही मर्यादा हजारावर नेण्यात आली. शोधासाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या या सेवेत शोधाची सोयच नव्हती; तीही त्याच महिन्यात आली.

नोव्हेंबर २००८ मध्ये परभाषेतील फीड आपोआप अनुवादित करण्याची सुविधा मिळाली. परंतु गुगलच्या अनुवाद सेवेत मराठीचा समावेश झाला तो मे २०१३ मध्ये, आणि गुगल रीडर बंद झाले १ जुलै २०१३ रोजी. जगभरात गाजलेल्या या सुविधेचा लाभ मराठीला जेमतेम दोन महिनेही मिळण्याजोगा नव्हता.

सूचना ऐकली न गेल्याचे उदाहरणही याच सेवेत सापडते. ऑक्टोबर २०११ मध्ये बातम्या परिचितांना दाखवण्याची अंतर्गत सोय काढून तिच्या जागी 'गुगल प्लस'ची जोड देण्यात आली. नियमित वापरणाऱ्यांनी, विशेषतः इराणमधील वाचकांनी, त्याविरुद्ध नाराजी व्यक्त केली. पण निर्णय बदलला नाही. मार्च २०१३ मध्ये वापर घटल्याचे कारण देऊन कंपनीने सेवा बंद करण्याची घोषणा केली. त्यानंतर ४८ तासांत पाच लाख नवे वाचक आपल्याकडे आल्याचे 'फीडली' या सेवेने जाहीर केले. आज फीडलीबरोबरच इनोरीडर, न्यूजब्लर, द ओल्ड रीडर अशा सेवा उपलब्ध आहेत.

'पेण' सापडते, 'रोहा' हुकते

आजच्या अनेक फीड रीडरमध्ये फिल्टरची सोय असते. वाचकाने दिलेला शब्द ज्या बातमीत असेल तीच पुढे येते. इंग्रजी शब्द फारसा बदलत नाही, म्हणून तेथे हे तंत्र बऱ्यापैकी चालते. मराठीत नामाला विभक्तीचे प्रत्यय लागतात आणि येथेच पेण व रोहा या शेजारच्या तालुक्यांची वाट वेगळी होते.

'पेण' या नावाचे रूप प्रत्यय लागल्यावरही बदलत नाही. पेणला, पेणमध्ये, पेणच्या या सर्व शब्दांत 'पेण' जसेच्या तसे राहते आणि फिल्टर त्याला पकडतो. उलट 'रोहा' या नावाचे सामान्यरूप होते. रोह्यात, रोह्याच्या, रोह्याहून असे शब्द बातमीत येतात आणि त्यांत 'रोहा' ही अक्षरे त्या क्रमाने नसतातच. 'रोह्यात पूरस्थिती' हे शीर्षक 'रोहा' हा शब्द शोधणाऱ्या फिल्टरमधून सुटून जाते. शब्द तोडून नुसते 'रोह' दिले, तर रोहित शर्माच्या शतकापासून रोहिणी नक्षत्रापर्यंत सारे काही गोळा होते. 'रोहा' ठेवले, तर संगीतविषयक लेखातील 'आरोहात' हा शब्द हाती लागतो. पेणचीही पूर्ण सुटका नाही. नवरात्रातील लेखांत येणाऱ्या 'शक्तिरूपेण' या शब्दात 'पेण' दडलेले आहे. इंग्रजी बातम्यांत शोध घेतल्यास पेणऐवजी लेखणीच्या बातम्या येतात.

गावांच्या नावांचा प्रश्न आणखी निराळा. नागोठणे, कोलाड, धाटाव ही गावे रोहा तालुक्यातील. पण त्यांच्या बातमीत 'रोहा' हा शब्द असेलच असे नाही. वडखळ, डोलवी, हमरापूर, जोहे ही नावे पेण तालुक्यातील. याच तालुक्यात दादर नावाचे गाव आहे. ते फिल्टरमध्ये घातले की मुंबईच्या दादरच्या बातम्यांचा लोंढा येतो. 'रायगड' म्हटले तर जिल्ह्याबरोबर किल्लाही येतो.

लिपीतील अडसर

२००० च्या दशकात अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःचे फाँट वापरत. रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असल्याने फीड रीडरमध्ये तो मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग म्हणून दिसे. युनिकोडच्या प्रसारामुळे हा अडसर दूर झाला, तरी काही बारकावे शिल्लक आहेत. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातील 'ऱ्य' संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. खारेपाटातील शेतकऱ्यांच्या बातम्या शोधणाऱ्या वाचकाला निम्म्या बातम्या का दिसत नाहीत, याचा उलगडा त्यामुळे सहज होत नाही.

हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राबाबत शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. त्या काळातील वृत्तांत हा विषय कोठे 'सेझ', कोठे 'एसईझेड', तर कोठे 'विशेष आर्थिक क्षेत्र' म्हणून येई. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्यानंतर ठेवीदारांना वर्षानुवर्षे बातम्यांचा मागोवा घ्यावा लागला. जमीन किंवा ठेव पणाला लागलेल्या माणसाची एक बातमी हुकणे म्हणजे एखादी सुनावणी अथवा मुदत हुकणे ठरू शकते.

सुधारणा कोणत्या हव्यात?

मराठी वाचकाच्या दृष्टीने पुढील सुविधा महत्त्वाच्या ठरतात.

- शब्दसमूह : रोहा, रोह्यात, रोह्याच्या, रोहे, रोहेकर ही रूपे एकाच नावाखाली नोंदवण्याची सोय.
- वगळण्याचे शब्द : 'दादर' हवे, पण 'दादर स्थानक' नको, असे सांगण्याची सोय.
- एकसारखी दिसणारी अक्षरे शोधापूर्वी एका रूपात आणणे.
- बातमी कोणत्या शब्दामुळे निवडली गेली हे दाखवणे. त्यामुळे चुकीचा फिल्टर लगेच लक्षात येतो.
- फीडची यादी 'ओपीएमएल' फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय. गुगल रीडर बंद झाले तेव्हा वाचकांना आपल्या याद्या याच मार्गाने अन्य सेवांत नेता आल्या.

फीड तपासण्याचा वेग हाही लक्षात घेण्याजोगा मुद्दा आहे. ज्या फीडचे वाचक थोडे, ते अनेक सेवा कमी वेळा तपासतात. साहजिकच लहान गावाच्या संकेतस्थळावरील बातमी उशिरा पोहोचते. पूर किंवा दरडीच्या इशाऱ्यासाठी म्हणूनच फीड रीडरवर विसंबून राहू नये. जिल्हा प्रशासनाच्या सूचनाच प्रमाण मानाव्यात.

सूचना कशी करावी?

'मराठी नीट चालत नाही' एवढ्या तक्रारीवरून सेवा चालवणाऱ्यास काहीच करता येत नाही. सोफिया किंवा सॅन फ्रान्सिस्कोत बसलेल्या तंत्रज्ञाला रोह्याचे सामान्यरूप ठाऊक असण्याचे कारण नाही. तक्रारीत फिल्टरमध्ये लिहिलेला नेमका शब्द, सुटलेल्या बातमीचे शीर्षक व दुवा, अपेक्षित निकाल आणि मिळालेला निकाल या चार गोष्टी द्याव्यात. शब्द हाताने पुन्हा टंकित न करता मूळ मजकुरातून उचलून चिकटवावा; अन्यथा 'ऱ्य'सारखा दोष कळूनच येत नाही. एका वेळी एकच दोष कळवावा. हीच अडचण मल्याळम, कन्नड, तमिळ यांसारख्या प्रत्ययप्रधान भाषांतही येते हे नमूद केल्यास मागणीला अधिक वजन प्राप्त होते.

वापरणाऱ्यांच्या संख्येवर सुधारणांचा क्रम ठरत असल्याने लहान भाषिक गटाची अडचण आकडेवारीत दिसत नाही. जी बातमी पुढे आलीच नाही, ती कोणी वाचली नाही याची नोंदही यंत्राकडे होत नाही. 'रोह्यात' हा शब्द हुकतो, हे सांगण्यास रोह्याच्या वाचकाखेरीज दुसरे कोणी नाही. ही नोंद त्याने केली, तर सुधारणेचा लाभ पुण्याच्या, ठाण्याच्या आणि साताऱ्याच्या वाचकालाही मिळेल, कारण पुण्यात, ठाण्यात, साताऱ्यात या शब्दांची अडचणही तीच आहे.