पाठीतली सुई आणि उपाशी पोट

सिझरच्या वेळी पाठीत सुई टोचली आणि तेव्हापासून कंबर धरली, ही तक्रार आपल्यापैकी बहुतेकांनी घरात ऐकलेली असते. खरं म्हणजे बाळंतपणानंतर कंबर दुखणं तसंही फार आढळतं, आणि कायमच्या कंबरदुखीचा दोष त्या सुईवर टाकता येत नाही. तिचा खरा त्रास वेगळा आहे, आणि तो पहिल्यांदा नीट नोंदवला तो एका सर्जननं, स्वतःवरच.

जर्मनीतलं कील शहर, ऑगस्ट 1898. ऑगस्ट बियर यांनी मणक्यात कोकेन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायला सुरुवात केली होती. 24 तारखेला त्यांनी आपला सहायक हिल्डेब्रांट याला सांगितलं, माझ्यावर करून बघ. सुई आणि पिचकारी एकमेकांत बसेनात. कोकेन सांडलं, मणक्यातलं पाणीही बरंच वाहून गेलं. मग बियरनी हिल्डेब्रांटला टोचलं. त्याच्या नडगीवर हातोडी मारली, पेटता सिगार टेकवला, तरी त्याला दुखलं नाही! रात्री दोघांनी वाइन घेतली. त्यानंतर बियर नऊ दिवस अंथरुणात होते. उठून बसलं की डोकं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. पाणी गळाल्यामुळे हे होत असावं, हा त्यांचा तर्क बरोबर निघाला.

मग ही पद्धत सिझरसाठी लगेच सर्वत्र का रुजली नाही? कारण पूर्ण भूल हाताशी होती. तिचा धोका 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी मांडला. त्यांनी 44,016 बाळंतपणं तपासली. त्यांत 66 जणींच्या बाबतीत भुलेत असताना पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलेलं होतं. दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्नानं गुदमरून. ससे वापरून त्यांनी दाखवलं की नुसतं आम्लही फुप्फुस जाळतं. ऑपरेशनआधी बाईला उपाशी ठेवतात, त्यामागे हे काम आहे. शिवाय गरोदरपणात घसा सुजलेला असतो, नळी घालणं अवघड जातं, आणि प्राणवायूही लवकर संपतो. बाळापर्यंत भूल पोचते ती वेगळीच.

म्हणून हळूहळू पाठीतल्या सुईकडे वळणं झालं. तिची किंमत अशी की रक्तदाब झपाट्यानं उतरतो, मळमळतं. त्यासाठी बाईला डावीकडे थोडं कलतं ठेवतात आणि फिनाइलेफ्रिनसारखं औषध देतात. डोकेदुखीवर उपाय सुईच्या टोकात सापडला. 1951 मध्ये पेन्सिलीच्या टोकासारखी सुई आली, ती आवरणाचे धागे कापण्याऐवजी बाजूला सारते. तरी दुखलंच तर? 1960 मध्ये गॉर्मली यांनी पेशंटचंच थोडं रक्त पाठीत टोचून गळती बुजवली. ऐकायला हा घरगुती तोडगा वाटतो, पण तो आजही वापरला जातो.

पूर्ण भूल मात्र गेलेली नाही. रक्त गोठत नसेल, खूप रक्तस्राव चालू असेल किंवा बाळासाठी मिनिटंच उरली असतील, तर भूलतज्ज्ञ आजही तीच देतात.