घरपट्टीच्या पावतीपासून

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात कायदा म्हटला की पोलीस ठाणे आठवते, नाहीतर कोर्टाची तारीख. ग्रामपंचायतीचा कायदा मात्र रोज दारात उभा असतो. नळाला, दिव्याला, घरपट्टीला. तरीही फार थोडे लोक त्याच्या अभ्यासाकडे वळतात. त्यांची संख्या वाढावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

या विषयाशी यवतमाळ जिल्ह्याचे नाते जवळचे आहे. महाराष्ट्राच्या पंचायत राज्याचा आराखडा ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्यातूनच 1961 चा अधिनियम आला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामपंचायतींचा कायदा त्याआधीचा, 1958 चा. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना संविधानाचा आधार दिला. आपल्या जिल्ह्याला या इतिहासाचा अभिमान वाटावा, असे मला मनापासून वाटते.

नव्या वाचकांनी सुरुवात मात्र संविधानापासून करू नये. घरातली घरपट्टीची पावती काढावी. कराची आकारणी नमुना 8 मध्ये असते, मागणी नमुना 9 मध्ये. आता 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम 14 वाचा. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायत सदस्याने कर भरला नाही, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. मग वाद कशावर होतो? बिल कोणत्या तारखेला दिले, पोच घेतली का, सही कोणाची, यावर. स्थळप्रतीवरची तारखेची जागा कोरी राहिली, की तेवढ्यावरून प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे अपिलात आणि पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाऊ शकते. कायदा आणि कारभार हे दोन वेगळे विषय आहेत असे आपण धरून चालतो. या कोऱ्या जागेत ते एक होतात.

अतिक्रमणाचे तसेच, आणि ते अधिक अवघड. सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात सदस्य राहत असेल तर तोही अपात्र, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निर्णय आहे. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांची अपात्रता रद्द केली आणि निवडून आलेल्या स्त्रीला इतक्या सहज पदावरून दूर करण्याच्या वृत्तीवर कठोर शब्दांत बोट ठेवले. वाचकांनी हे दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचावेत. कलम एकच असले तरी पुरावा किती काटेकोर हवा, हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही भाष्यातून कळत नाही. महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असताना हा प्रश्न मला या क्षेत्रातला सर्वांत निकडीचा वाटतो.

निधी, लेखापरीक्षण, आरक्षण हे विषय मोठे आहेत, पण ते सावकाश घेता येतील. कलमांच्या भाषेने बिचकू नका; दोन-तीनदा वाचले की ती सरावाची होते. येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवतील. ते नीट ऐका, आणि सभेत ठरलेले सारे त्यात आले आहे का, ते पाहा.