पावसात सायकलला कोणता दिवा लावावा? आधी मागचा, मग पुढचा

बेळगाव : दुपारपाळी सुटल्यावर उद्यमबागेतून पिरनवाडी, मच्छेकडे निघालेला सायकलवाला आणि खानापूरमार्गे गोव्याकडे चाललेला ट्रक एकाच रस्त्यावर असतात. पाऊस जोरात असला की ट्रकच्या काचेवर वायपर फिरत असतो, समोरच्या गाडीचा उजेड ओल्या काचेवर पसरलेला असतो आणि रस्त्याच्या डाव्या कडेला काळा रेनकोट घातलेला माणूस सायकल रेटत असतो. ट्रक ताशी ६० किलोमीटरने चाललाय आणि सायकल १५ ने, असं धरलं तर दोघांमधलं अंतर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होतं. सायकलवाला ३० मीटरवर आल्यावर दिसला, तर ड्रायव्हरच्या हातात अडीच सेकंदसुद्धा उरत नाहीत, तेही ओल्या रस्त्यावर. तोच १५० मीटरवरून दिसला तर १२ सेकंद मिळतात. तेवढ्यात गाडी आरामात बाजूला घेता येते.

हा फरक मागचा लाल दिवा पाडतो. तरीही दुकानात गेल्यावर बहुतेकजण आधी पुढच्या दिव्याची चौकशी करतात, "किती लांब पडतो?" म्हणून. मागच्यासाठी मग उरलेल्या पैशांत मिळेल ते घेतलं जातं, नाहीतर सायकलबरोबर आलेल्या रिफ्लेक्टरवर भागवलं जातं. पैसे थोडेच असतील तर हा क्रम उलटा करावा. पुढे खड्डा आहे की नाही हे वेग कमी करून, रस्त्यावरच्या दिव्यांच्या आधाराने कसंबसं कळतं. मागून येणारी गाडी मात्र सायकलवाल्याला दिसतच नाही, त्यामुळे तिथे त्याच्या हाती काही नसतं.

रिफ्लेक्टर वाईट नाही, पण तो स्वतः पेटत नाही. त्याच्यावर गाडीचा उजेड पडला तरच तो चमकतो. चिखलाचा थर बसला किंवा गाडीचा उजेडच कमी असला की त्याचा उपयोग संपतो. तो असावाच, दर दोन दिवसांनी फडक्याने पुसावा, आणि वर दिवाही असावा. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर मात्र अनेकजण तुटल्यावर परत बसवत नाहीत, ते चुकतं. ते पायाबरोबर वरखाली होतात आणि त्या हालचालीवरूनच मागच्या ड्रायव्हरला पुढे सायकल आहे हे पटकन ओळखू येतं. रिफ्लेक्टर गेले असतील तर घोट्याभोवती चमकणारी पट्टी बांधली तरी तेच काम होतं.

मागचा दिवा कुठे बसवायचा, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. दुकानदार तो सीटखालच्या दांड्याला बसवून देतो, कारण पट्टा तिथे सहज बसतो. उन्हाळ्यात ते चालतं. पावसात रेनकोटचा घोळ किंवा प्लास्टिकची खोळ सीटच्या मागे लोंबते आणि दिवा तिच्याखाली झाकला जातो. दूध घालणाऱ्यांच्या किटल्या, कॅरिअरवरची पिशवी, गोव्यात पहाटे पाव विकत फिरणाऱ्या पोदेराची टोपली यांच्याआडही सीटखालचा दिवा दिसत नाही. सायकलवाला बिचारा दिवा लावून निश्चिंत असतो. म्हणून दिवा कॅरिअरच्या अगदी मागच्या टोकाला, नाहीतर मागच्या मडगार्डवर असावा. मोठी टोपली असेल तर टोपलीच्याच मागच्या बाजूला बांधावा. सायकल स्टँडवर लावून, सामान चढवून, रेनकोट घालून बसावं आणि घरातल्या कुणाला तरी ५० पावलं मागे जाऊन बघायला सांगावं. यापेक्षा खात्रीची तपासणी दुसरी नाही.

लुकलुकणारा दिवा की स्थिर, यावर सायकलवाल्यांमध्ये वाद आहे. लुकलुकणारा दिवा लवकर लक्ष वेधतो हे खरं, पण रात्री तो किती लांब आहे याचा अंदाज नीट येत नाही. जर्मनीत सायकलवर लुकलुकता दिवा लावायला परवानगीच नाही. इकडच्या गर्दीच्या, दुकानांच्या पाट्यांनी भरलेल्या रस्त्यांवर लुकलुकण्याचा फायदा होतो. तेव्हा मागे दोन दिवे परवडत असतील तर एक स्थिर आणि एक लुकलुकता ठेवावा. एकच असेल तर अंधाऱ्या रस्त्यावर स्थिर बरा. दोन दिव्यांचा आणखी एक फायदा असा की एक वाटेत बंद पडला तरी दुसरा असतो. आपला मागचा दिवा विझलाय हे चालवणाऱ्याला घरी पोचेपर्यंत कळत नाही.

ओल्या रस्त्यावर उजेड जातो कुठे?

नवा दिवा घेतला, कोरड्या रात्री छान वाटला, आणि पहिल्याच पावसात "पडतच नाही" अशी तक्रार ऐकू येते. अशा वेळी दिवा बिघडलेला नसतो. कोरडं डांबर खडबडीत असतं, त्यावर पडलेला उजेड सगळीकडे उसळतो आणि थोडा डोळ्यांकडेही परत येतो. डांबरावर पाण्याचा थर आला की तो आरशासारखं वागतो. उजेड पुढेच निसटतो आणि रस्ता काळाच राहतो. त्यातच पावसाचे थेंब दिव्यासमोर चमकतात आणि डोळ्यांपुढे पांढरा पडदा धरल्यासारखं होतं. दिवा जितका डोळ्यांच्या जवळ, तितका हा पडदा दाट. म्हणूनच डोक्याला बांधलेला टॉर्च पावसात त्रास देतो. दिवा हँडलच्या खाली, पुढच्या चिमट्याच्या वरच्या भागात बसवला तर फरक जाणवतो. आणखी एक फायदा म्हणजे खालून पडलेल्या उजेडात खड्ड्याची सावली लांब दिसते. पाण्याने भरलेला खड्डा मात्र कुठल्याही दिव्याने ओळखू येत नाही. तिथे वेग कमी करणं एवढंच हातात आहे.

दिव्याच्या खोक्यावर ल्यूमेनचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. तो कुठे पडतो हे त्या आकड्यातून कळत नाही. टॉर्चसारखा गोल झोत असला तर त्यातला बराच उजेड झाडांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. एकेरी रस्त्यावर समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपवले तर धोका आपल्यालाच. वरून सपाट कापलेला, रस्त्यावरच पसरणारा झोत असलेला दिवा कमी ल्यूमेनचा असला तरी जास्त कामाचा. दुकानात भिंतीवर झोत टाकून बघितलं की लगेच कळतं : वरची कड सरळ रेषेत थांबते की गोल चकती पडते. गोल झोताचाच दिवा मिळाला तर तो थोडा खाली झुकवून बसवावा.

पाणी आणि बॅटरी

पाणी किती सोसेल हे सांगणारी खूण 'आयपी' या अक्षरांनी सुरू होते. पुढच्या दोन जागांपैकी पहिली धुळीची, दुसरी पाण्याची. पहिल्या जागी 'एक्स' असेल तर धुळीबद्दल काही सांगितलेलं नाही, एवढाच अर्थ. आयपीएक्स-४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारा, ५ आणि ६ म्हणजे पाण्याची धार सोसणारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. इथे एक गफलत होते. ७ मोठा म्हणून तो ६ पेक्षा सरस असं लोक धरून चालतात, पण बुडवून घेतलेली परीक्षा वेगळी आणि धारेची वेगळी. ७ ची खूण असलेला दिवा धार सोसेलच असं नाही. साध्या पावसाला ४ पुरतो. मागच्या चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात राहणारा दिवा, किंवा जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात रोजचा प्रवास असेल तर ६ चा बघावा. नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असेल आणि आकडा नसेल तर त्या शब्दाला फारसा अर्थ नाही.

स्वस्त दिव्यावर छापलेला आकडाही खरा असेल असं नाही. घरी दिव्याच्या आत, उघडण्यासारखा असेल तर, कागदाचा तुकडा ठेवून बंद करावा आणि पेटवून बाथरूमच्या शॉवरखाली १० मिनिटं धरावा. कागद ओला झाला किंवा काचेच्या आत वाफ धरली तर त्याच दिवशी परत करावा. पाणी बहुतेक वेळा काचेतून नाही, चार्जिंगच्या भोकातून शिरतं. तिथलं रबरी झाकण सैल असेल तर दिवा घेऊच नये. भोक खालच्या बाजूला असलेला दिवा बरा.

बॅटरीच्या बाबतीत फसवणूक उघडपणे चालते. अनेक पुढच्या दिव्यांत '१८६५०' नावाचा सेल असतो. नाव त्याच्या मापावरून आलं आहे, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास संपते. बाजारात मात्र त्याच मापाच्या सेलवर ९९०० छापलेलं सर्रास दिसतं. असा सेल दिसला की दिव्याचे बाकीचे आकडेही तसेच समजावेत.

किती वेळ चालेल, हे लुकलुकत्या दिव्याचं न विचारता स्थिर आणि पूर्ण उजेडाचं विचारावं. खोक्यावरचे मोठे तास बहुधा लुकलुकतानाचे असतात. कामावर जायला ४० मिनिटं आणि यायला ४० लागत असतील आणि दोन्ही वेळा अंधारच असेल, तर सहा दिवसांचे आठ तास होतात. पूर्ण उजेडावर दोन तास चालणारा दिवा म्हणजे जवळपास रोजच चार्जिंग. पावसाळ्यात खेड्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे साध्या पेन्सिल सेलवर चालणारा मागचा दिवा सोयीचा, कारण सेल गावातल्या दुकानातही मिळतो.

जुन्या माणसांना डायनामो आठवत असेल. नगरपालिकेचा बिल्ला आणि रात्री दिवा नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडायचे, तो काळ. टायरच्या कडेला घासणारा तो बाटलीसारखा डायनामो साधारण ६ व्होल्ट, ३ वॅटचा असे, त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि ०.६ मागच्याला. चार्जिंगची कटकट नाही, पण नेमका पावसात त्याचा घात होतो : ओल्या टायरवर त्याचं चाक घसरतं आणि दिवा मिणमिणतो. शिवाय सायकल थांबली की दिवा विझतो, म्हणजे चौकात उभं असताना मागे अंधार. चाकाच्या मध्यभागी, हबमध्येच बसवलेला डायनामो पावसात घसरत नाही आणि चांगल्या दिव्यात थांबल्यावर काही मिनिटं उजेड राहण्याची सोय असते. तो महाग पडतो, चाकही नव्याने विणून घ्यावं लागतं. पण वर्षानुवर्षं रोज अंधारात सायकल चालवणाऱ्याला पैसे वसूल होतात.

भिजून घरी आल्यावर दिवा तसाच चार्जिंगला लावायचा नाही. आधी पुसून, झाकण उघडून, चार्जिंगचं भोक खाली करून तासभर ठेवायचा. ओल्या भोकात वीज गेली की आतल्या पिना हिरव्या पडून झिजतात आणि महिन्याभरात दिवा चार्ज होणं थांबतं. रबराच्या पॅकिंगला पावसाळ्याच्या सुरुवातीला थोडं सिलिकॉन ग्रीस लावावं. ते सायकलच्या दुकानात नाही मिळालं तर नळाचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं.