साडेनऊचा हुकूम

२ मे १८६३. अमेरिकेतले यादवी युद्ध चालू होते. व्हर्जिनियातल्या चॅन्सलर्सव्हिलच्या रानात उत्तरेच्या सैन्याचा तळ पडला होता. सरसेनापती जोसेफ हूकर याच्या कचेरीतून सकाळी साडेनऊची वेळ घातलेला एक हुकूम निघाला, स्लोकम आणि हॉवर्ड या दोन कोर-सेनापतींच्या नावे. मजकूर थोडक्यात असा: तुमच्या फौजा समोरून हल्ला येणार या हिशेबाने मांडलेल्या आहेत, शत्रू बगलेवर आला तर कुठे उभे राहायचे ते जागा पाहून ठरवून ठेवा, राखीव फौज हाताशी ठेवा, तो आपल्या उजवीकडे सरकतो आहे असे मानायला कारण आहे. अगदी उजव्या टोकाला हॉवर्डची अकरावी कोर होती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दक्षिणेचा सेनानी स्टोनवॉल जॅक्सन पंचवीस हजारांहून अधिक माणसे घेऊन पश्चिमेकडून तिच्या उघड्या बगलेवर कोसळला.

हा हुकूम मला मिळालाच नाही, असे हॉवर्डने पुढे लिहिले. त्याच्याच हाताखालच्या एका सेनापतीने लिहिले: मिळाला, मीच तो त्याला वाचून दाखवला. हा दुसरा माणूस म्हणजे कार्ल शुर्त्स.

शुर्त्सचा जन्म १८२९चा, कोलोनजवळच्या लिब्लारचा. विसाव्या वर्षी जर्मनीतल्या क्रांतीत उतरला, राष्टाटचा किल्ला प्रशियाच्या हाती पडला तेव्हा गटारातून निसटला, आणि १८५०च्या नोव्हेंबरात परत जाऊन आपल्या गुरूला, गॉटफ्रीड किंकेलला, श्पांडाऊच्या तुरुंगातून सोडवून आणले. १८५२ मध्ये अमेरिका. १८६०च्या निवडणुकीत लिंकनसाठी जर्मन मतदारांत त्याने भाषणांचा धडाका लावला. बक्षीस म्हणून स्पेनमधली वकिली मिळाली. ती सोडून १८६२ मध्ये तो लढायला आला आणि एकदम ब्रिगेडियर जनरल झाला. लष्करी विद्या त्याला शिकवली होती ती आलेक्सांडर शिमेलफेनिग या जुन्या प्रशियन अधिकाऱ्याने. गंमत अशी की अमेरिकेत गुरू शिष्याच्या हाताखाली लढला. म्हणजे शुर्त्सची नेमणूक राजकीय होती, यात शंका नको.

त्याच्या स्वभावाची खरी ओळख देणारा कागद मात्र रणांगणावरचा नाही. २० नोव्हेंबर १८६२ रोजी त्याने लिंकनला लांबलचक पत्र लिहिले. सूर असा की नुकत्याच झालेल्या निवडणुकांतल्या पराभवाचा दोष सरकारचाच आहे. ज्यांचे मन या लढ्यात नाही अशांच्या हाती तुम्ही फौजा दिल्यात. सैन्यात येऊन वर्ष न झालेला परदेशात जन्मलेला माणूस राष्ट्राध्यक्षांना सेनापती कसे निवडावेत ते शिकवत होता. चारच दिवसांनी, २४ तारखेला, लिंकनने उत्तर दिले, आणि ते सौम्य नव्हते. युद्ध फसले तर खापर माझ्यावर फुटणार हे मला ठाऊक आहे, असे सांगून त्याने विचारले की कोणाचे मन कशात आहे हे ठरवायचे कोणी? माझा निर्णय टाकून तुमचा घ्यायचा तर इतरांचाही घ्यावा लागेल, आणि मग एकही सेनापती उरणार नाही, तुम्हीही नाही. पुढे त्याने दोन्ही राजकीय पक्षांच्या मेलेल्या सेनापतींची नावे मांडली. त्यात बोलेन हे नाव आहे. हेन्री बोलेन ब्रेमेनचा जर्मन, शुर्त्सच्याच डिव्हिजनमधल्या ब्रिगेडचा प्रमुख, ऑगस्टमध्ये फ्रीमन्स फोर्डला पडलेला. पत्र वाचताना शुर्त्सला या नावापाशी थांबावेच लागले असणार. (हे माझे अनुमान, कागद तसे म्हणत नाही.) त्यानंतर लिंकनने आपल्याला बोलावून घेतले आणि हसत मनमोकळेपणाने समजूत काढली, असे शुर्त्स सांगतो. त्या भेटीला साक्ष त्याच्या एकट्याची. पत्र मात्र अस्सल आहे.

हा फरक सांभाळावाच लागतो. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात पानिपताभोवतीची पत्रे छापली, तेव्हापासून बखरीने एक सांगावे आणि चिठोऱ्याने दुसरे, हा अनुभव आपल्याला नवा नाही. शुर्त्सच्या आठवणी ही त्याची बखर आहे. लढाईला चाळीस वर्षे उलटल्यावर लिहिलेली, आणि लिहिणाऱ्याला आपल्या माणसांवरचा डाग पुसायचा होता.

ती बखर २ मेच्या दुपारबद्दल असे सांगते: दक्षिणेच्या सैन्याचा सेनापती ली याच्या फौजेची रांग झाडांपलीकडून पश्चिमेला जाताना दिसत होती. कोर पश्चिमेकडे वळवा, असा आग्रह आपण हॉवर्डकडे धरला. हॉवर्डला शत्रू माघार घेतो आहे असे वाटत होते. तो दमला होता, जरा आडवा झाला, निरोप आला तर उठवा म्हणाला. निरोप आला तो हूकरचा. आपण त्याला उठवून वाचून दाखवला, तेवढ्यात त्याच मजकुराचा दुसरा निरोप घेऊन आणखी एक स्वार आला.

यातले कागदावर ताडून काय टिकते? हुकूम निघाला, हे सरकारी दप्तरात आहे. लढाईनंतर दहाच दिवसांनी, १२ मे रोजी, शुर्त्सने दिलेल्या अहवालात हॉकिन्सच्या शेताजवळ आपण काही पलटणी पश्चिमेकडे तोंड करून उभ्या केल्याची नोंद आहे. म्हणजे त्याला धोका दिसला होता, ही पश्चातबुद्धी नव्हे. पण सर्वांत बोलका कागद हॉवर्डचा स्वतःचा आहे. सकाळी १०:५०ला त्याने हूकरला कळवले की शत्रूचे पायदळ पश्चिमेकडे जाताना दिसते आहे आणि पश्चिमेकडून होणाऱ्या हल्ल्याला तोंड देण्याची तजवीज मी करतो आहे. हे वाचल्यावर साडेनऊचा हुकूम पोहोचला की नाही, हा वादच माझ्या मते निकालात निघतो. हुकमात जे सांगितले होते ते हॉवर्डला ठाऊक होते. प्रत्यक्षात पश्चिमेला तोंड करून टोकाशी उभ्या होत्या दोन पलटणी आणि दोन तोफा. कोरेची मोठी राखीव ब्रिगेड दुपारी सिकल्स या दुसऱ्या कोर-सेनापतीच्या मदतीला पाठवली गेली, आणि हॉवर्ड स्वतः तिच्याबरोबर गेला.

आणि हूकर? सकाळी बगलेची काळजी करणाऱ्या या माणसाच्या छावणीतून दुपारी ४:१०ला सेजविक या आणखी एका कोर-सेनापतीकडे निरोप गेला की शत्रू पळतो आहे, आपला सरंजाम वाचवायच्या धडपडीत आहे. तासाभराने रानातले ससे आणि हरणे अकराव्या कोरेच्या छावणीत धावत शिरली. सैनिक हसले. पाठोपाठ जॅक्सनची माणसे आली.

कोरेने सुमारे २,४०० माणसे गमावली. हूकर न्यू इंग्लंडचा, हॉवर्ड मेनचा, पहिला तडाखा बसलेल्या डिव्हिजनचा प्रमुख डेव्हन्स मॅसॅच्युसेट्सचा. कोरेत जर्मन सैनिक निम्म्याच्या आसपास. तरी वर्तमानपत्रांत पळाले ते फक्त ‘डच’, म्हणजे जर्मन. उत्तरेच्या सैन्यात जर्मनीत जन्मलेले दोन लाखांच्या आसपास होते; त्या सर्वांना हे टोमणे पुढे वर्षानुवर्षे ऐकावे लागले. नोव्हेंबरात शुर्त्स सेनापतींची मने तोलत होता. मेमध्ये लोक त्याच्या माणसांचे जन्मगाव तोलू लागले. दोन्ही मोजमापे मला सारखीच खोटी वाटतात, पण दुसऱ्यात माणसाला सुटकेची वाटच नसते. मन बदलता येते.

शुर्त्सने आपला अहवाल छापू द्यावा म्हणून युद्धखात्याकडे परवानगी मागितली. नाकारली गेली. चौकशी मागितली, तीही मिळाली नाही. जुलैत गेटिसबर्गला पहिल्या दिवशी हॉवर्डकडे सगळ्या मैदानाची सूत्रे गेली आणि कोर शुर्त्सकडे आली. ती पुन्हा मागे रेटली गेली, पुन्हा तोच शिक्का. शिमेलफेनिग तर शहरातल्या एका घराच्या परसात तीन दिवस लपून राहिला. ऑक्टोबरात टेनेसीतल्या वॉहॅची इथल्या रात्रीच्या लढाईनंतर हूकरने अहवालात शुर्त्सच्या दिरंगाईकडे बोट दाखवले. या वेळी चौकशी-न्यायालय बसले, १८६४च्या आरंभी. शुर्त्सने आपली बाजू भाषणबाजीने नव्हे, आलेल्या हुकमांच्या आणि वेळांच्या हिशेबाने मांडली. तो आणि त्याचा ब्रिगेड-प्रमुख हेकर दोघेही निर्दोष ठरले. हेकरही जर्मनीतल्या १८४८च्या त्याच क्रांतीतला.

म्हातारपणी शुर्त्स आठवणी लिहायला बसला तेव्हा बालपण आणि तारुण्य त्याने जर्मनमध्ये लिहिले. अमेरिका सुरू झाल्यावर इंग्रजीत. परक्या मुलखात लढलेल्या माणसाचे आयुष्य याहून नेमके कोणी कापून दाखवलेले मला माहीत नाही. १४ मे १९०६ रोजी तो वारला, आठवणी अपुऱ्या राहिल्या.

१८६३ मध्ये छापायला मनाई झालेला त्याचा अहवाल १८८९ मध्ये सरकारी दप्तराच्या पंचविसाव्या खंडात सरकारी खर्चाने छापला गेला. त्याच लढाईचा हूकरचा अहवाल त्या खंडात नाही. त्याने तो दिलाच नव्हता.