फड कुणाचा?

चैत्र लागला की मावळात जत्रांची धांदल सुरू होते. कार्ल्याला एकवीरेची यात्रा भरते, गावोगावी देवांच्या पालख्या निघतात. जत्रा म्हटली की रात्री तमाशा, सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, हा पुणे जिल्ह्यातला जुना रिवाज. पाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी तिथे सुपारी द्यायला जातात. त्यांचा पहिला सवाल असतो, ‘फड कुणाचा?’

मंडळी, या सवालाचं एक गाजलेलं उत्तर म्हणजे काळू-बाळू. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या खाडे घराण्यातले हे जुळे भाऊ. जन्म १९३३चा. खरी नावं लहू आणि अंकुश. वडील संभाजी हे ‘शिवा-संभा’ या नामांकित जोडीतले, त्यामुळे तमाशा घरातच होता. ‘जहरी प्याला’ या वगात दोघा भावांनी काळू आणि बाळू नावाचे हवालदार रंगवले. चेहरे सारखे, पोशाख सारखा. यातला काळू कोण नि बाळू कोण, या घोळातच प्रेक्षक हसून बेजार होत. ही सोंगं लोकांनी अशी उचलून धरली की पुढं फडालाच ती नावं चिकटली. लहू आणि अंकुश ही नावं घरापुरती उरली.

साहेबाच्या देशातही याहून वेगळं घडलं नाही. लंडनचा ‘रोलिंग स्टोन्स’ हा वाद्यवृंद १९६२ साली उभा राहिला. अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं ब्लूज संगीत हे त्याचं भांडवल. १९६३ साली त्यांना अँड्र्यू ओल्डहॅम हा व्यवस्थापक मिळाला. पोरं दांडगट, विस्कटलेली दिसली पाहिजेत, असं त्याचं गणित. त्या गणितात पियानोवादक इयन स्टुअर्ट बसेना. संस्थापकांपैकी एक असूनही त्याला संचातून वगळलं. तो गडी रुसून गेला नाही. १९८५ साली मरेपर्यंत त्यानं त्यांचं सामान सांभाळलं आणि पियानोही वाजवला. २००३च्या एप्रिलमध्ये हे स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर गाऊन गेले. त्यांची लाल जीभ आपल्याकडच्या पोरांच्या बनियनवरही दिसते. स्टुअर्टचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

ठसठशीत रूप असल्याशिवाय फड वर्षानुवर्षं टिकत नाही, हे खरंच. सुपारी त्या रूपालाच मिळते आणि त्या सुपारीवर पन्नास चुली पेटतात. पण त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते. २०११ साली लहू खाडे गेले. बहुतेकांच्या लेखी गेला तो काळू.

पुढच्या चैत्रात तुमच्या गावात तमाशा आला, तर वग संपल्यावर जरा मागच्या बाजूला जा. ढोलकीवाला हात चोळत बसलेला असेल, झीलकरी चहा पीत असेल. त्यांना त्यांचं नाव विचारा.