‘कायमचा’ जोड म्हणजे काय?

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे शाळेच्या मैदानावर गोळीबारात पाच मुले मारली गेली. पुढे १९९४ च्या अमेरिकी कायद्याने ठरावीक लक्षणे असलेल्या रायफलींवर बंदी घातली. ज्वाला लपवणारे नळकांडे बसवण्यासाठी नळीच्या टोकाला असलेले आटे, हे त्यांतले एक लक्षण. मग उत्पादकांनी आट्यांवर बंदुकीचा धक्का कमी करणारे नळकांडे कायमचे जोडले. पण ‘कायमचे’ कशाला म्हणावे? आपण तारा जोडायला वापरतो तो कथील-शिशाचा डाख सुमारे १८३ अंश सेल्सिअसलाच वितळतो. सरकारी खात्याने वेल्डिंग किंवा सुमारे ५९३ अंशांना लागणारा चांदीचा डाख मान्य केला. तो कायदा २००४ मध्ये संपला. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांचे कायदे उरले. जोड किती उष्णतेपर्यंत टिकेल, हे द्रवणांकावरून ठरवता येते. गोळीचा वेग मात्र त्या जोडाने कमी होत नाही, हे आपण ध्यानात ठेवू.