वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित : मृत्युपत्राविषयी तळटीप

मृत्युपत्र : १९व्या शतकातील सधन इंग्रज गृहस्थ मृत्युपत्रात बहुधा थोरल्या मुलाला जमीन, पत्नीला वर्षासन, मुलींना रोख रक्कम आणि जुन्या नोकरांना वर्षभराचा पगार किंवा शोकवस्त्रांचा खर्च ठेवून जात असे. १८३७च्या इंग्लिश कायद्यानुसार मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागत. साक्षीदारालाच काही दिलेले असेल, तर ती देणगी रद्द होई.

कारंजा, रिसोड किंवा वाशीममधील हिंदू सावकाराला इतकी मोकळीक नव्हती. मिताक्षरा पद्धतीत मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीवर जन्मतःच हक्क असल्याने एकत्र कुटुंबातील पित्याला मृत्युपत्राने फक्त स्वकष्टार्जित मिळकत देता येई. जुन्या गड्याला किंवा स्वयंपाकीणबाईला काही द्यायचे, तर ते त्यातूनच. कारण नोकराला वारसाहक्क नसतो. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३०ने एकत्र कुटुंबातील स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली. २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५च्या कलम ६३नुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुद्रांक शुल्क लागत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक असली, तरी वाद उद्भवल्यास ती उपयोगी पडते. नोकराला द्यायची रक्कम किंवा वस्तू त्याच्या नावानिशी स्पष्ट लिहिलेली असावी. मोघम शब्दांमुळे त्याचा वाटा बुडू शकतो.